बाईंनी करंगळी कोणाला दाखवायची?

जिल्हा परिषदेच्या शाळेत २९ वर्षं शिकवलं. दिवसभरात कितीतरी करंगळ्या वर व्हायच्या, "बाई, एकीला जाऊ?" आणि मी मान डोलवायची. माझ्यावर वेळ आली तेव्हा करंगळी दाखवायला कोणी सापडेना, त्यात नऊ वर्षं गेली.

सुरुवात त्रेचाळिसाव्या वर्षी झाली. शिंक आली की थेंबभर लघवी सुटायची. मग खोकला आला की, मग बादली उचलली की. बावन्नाव्या वर्षी पुतणीच्या मंगळागौरीला साताऱ्यात आम्ही सगळ्या जमलो होतो. फुगडीची तिसरी गिरकी घेतली आणि पायावरून गरम ओघळ गेला. चक्कर आल्याचं सोंग केलं आणि खाली बसले. कोणीतरी धावत लिंबू सरबत आणलं. ते मी प्यायले नाही, कारण तोवर पाणी कमी पिणं हाच माझा एकमेव उपचार होता.

तो उपचार किती चुकीचा होता ते आधी सांगते. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट, पिवळीजर्द होते, लघवीच्या पिशवीला टोचते आणि घाई उलट वाढते. जळजळ, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता मागोमाग येतात, आणि कुंथण्याचा सगळा जोर पिशवीला खालून तोलणाऱ्या, आधीच सैल झालेल्या स्नायूंवर पडतो. मी शाळेत साडेदहा ते पाच दोन घोटांवर काढायचे. तसं करू नका. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी जाऊ द्या. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी बंधन घातलं असेल तर गोष्ट वेगळी.

मी घरात तोंड उघडलं तेव्हा कळलं की जाऊबाईंनाही तेच, सासूबाईंनाही तेच. एका न्हाणीघरात तिघी, आणि तिघी एकमेकींपासून चड्ड्या लपवून वाळत घालतोय! पण "तेच" नव्हतं. तिघींचं दुखणं तीन प्रकारचं निघालं आणि उपचारही तीन प्रकारचे झाले. हा लेख त्यासाठीच आहे. जाऊबाईंना विचारून लिहितेय. सासूबाई म्हणाल्या, "लिही की, मला कोण ओळखतंय."

आत काय असतं

पिशवी म्हटलं की आपल्या बायकांच्या मनात गर्भपिशवीच येते. लघवीची पिशवी वेगळी, ती गर्भपिशवीच्या पुढे असते. तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावतं. दीडशे-दोनशे भरलं की पहिली हलकी सूचना येते आणि ती निमूट थांबवता येते. बाहेर येणारी नळी आपल्यात जेमतेम चार सेंटीमीटरची. या सगळ्याला खालून स्नायूंची एक झोळी तोलून धरते. पुढे जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत बांधलेली. लघवी, बाळाची वाट आणि शौच या तिन्ही वाटा तिच्यातून जातात.

नऊ महिने ओझं वाहून आणि बाळंतपणात ताणून ही झोळी सैल होते. माझं पहिलं बाळंतपण चिमटा लावून झालं, दुसरं बाळ तीन किलो आठशेचं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक घटतं आणि त्या भागाची त्वचा, अस्तर पातळ पडतं. त्यावर वाढलेलं वजन, जुनाट खोकला, रोजचं कुंथणं, हंडे-कळश्या. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो आणि तो मी एकटी ओट्यापर्यंत सरकवत असे, त्याचा अभिमानही होता.

एक गोष्ट ठासून सांगते. गर्भपिशवी काढणं हा लघवी सुटण्यावरचा उपाय नाही. शेजारच्या एकीला कोणीतरी तसं सांगितलं होतं, "पिशवी काढली की सगळे त्रास जातील." बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा हा "सगळे त्रास जातील" किती दूरवर पोचलाय ते आपण वाचलंच. ती काढण्याची कारणं असतात, पण हे त्यातलं नव्हे.

आधी वही

डॉक्टरांनी मला ज्यांच्याकडे पाठवलं त्या फिजिओथेरपिस्टबाईंनी पहिल्या भेटीत हातही लावला नाही. तीन दिवसांची वही आणायला सांगितली. मला गृहपाठ मिळाला याचं घरात सगळ्यांना हसू आलं, पण इतकी कामाची गोष्ट दुसरी नाही.

एक मापाचा प्लॅस्टिकचा मग घ्या आणि तो न्हाणीघरात वेगळा ठेवा, कोणी चुकून कणीक भिजवायला नेणार नाही असा. पानावर पाच रकाने आखा. वेळ, काय आणि किती प्यायलं, किती लघवी झाली, सुटली का, सुटली तेव्हा काय करत होतात. सुटण्याला माप नसतं, तिथे "ठिपका", "चड्डी ओली", "साडीपर्यंत" एवढं लिहिलं तरी पुरे. तिन्ही दिवस सलग हवेत असं नाही, पण एक दिवस कामाचा आणि एक घरचा असावा. रात्री उठलात तर तेही लिहा.

माझ्या वहीत दिवसाला सात वेळा लघवी, दर वेळी अडीचशे-तीनशे, रात्री एकदा. तीन दिवसांत ११ वेळा सुटली. त्यातल्या नऊ नोंदींपुढे खोकला, शिंक, बादली, जिना, हसणं यांपैकी काहीतरी लिहिलेलं आणि बहुतेक ठिकाणी "ठिपका". म्हणजे पिशवी ठीक, झाकण ढिलं. वरून दाब आला की सुटतं.

जाऊबाईंची वही पाहून मी चाट पडले. दिवसात १४ वेळा, रात्री चार वेळा, दर वेळी जेमतेम शंभर मिलिलिटर. सुटायची ती खोकल्याने नाही. नळाचा आवाज ऐकला की, बाहेरून येऊन कुलुपात किल्ली घातली की. आणि ठिपका नव्हे, थेट साडीपर्यंत. त्यांची पिशवी भरायच्या आधीच आकसायची. दिवसाला चहा सहा कप.

पुष्कळ जणींना दोन्ही असतं. मग जे जास्त छळतं त्याच्यापासून सुरुवात करतात.

वहीबरोबर दोन-तीन साध्या तपासण्या होतात. लघवीची तपासणी आणि गरज पडल्यास कल्चर (म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहणं), रक्तातली साखर, आणि लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत पिशवीत किती उरलंय ते पाहणं. हे शेवटचं महत्त्वाचं. जुना मधुमेह असला की कधी पिशवीच सुस्त होते, रिकामी होत नाही आणि भरलेल्या रांजणासारखी वरून सांडते. तिला घाई कमी करायच्या गोळ्या दिल्या तर आणखी तुंबते. तुमच्या सगळ्या गोळ्यांची नावंही न्या. पाय सुजू नयेत म्हणून दिलेली लघवीची गोळी, रक्तदाबाची प्राझोसिनसारखी गोळी, झोपेची गोळी, मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी, यांतली कुठलीही भर घालू शकते. मात्र मनाने बंद करायची नाही, विचारायचं.

वहीबिही बाजूला ठेवून लगेच जायचं ते अशा वेळी: लघवीतून रक्त, ताप आणि जळजळ, लघवी तुंबून अजिबात न होणं, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागेवर बधिरपणा, योनीतून गोळा बाहेर आल्यासारखं वाटणं. आणि अवघड बाळंतपण किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर रात्रंदिवस सतत गळत असेल तर बहुधा आत भोक पडलेलं असतं. ते व्यायामाने बुजत नाही, बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच लागते.

बटव्याची नाडी: माझा व्यायाम

आर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगल म्हणतात. नाव सगळ्यांना माहीत, करणाऱ्याही खूप. मीही मोबाइलवर बघून दोन महिने केला होता आणि शून्य फरक. फिजिओबाईंनी मला विचारून, हातमोजा घालून आतून तपासलं आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही वर ओढत नाही, खाली ढकलताय." म्हणजे रोज तीन वेळा मी स्वतःचंच नुकसान करत होते! ही चूक फार जणींची होते, म्हणून जरा सावकाश सांगते.

लघवी करून या. पाठीवर झोपा, गुडघे दुमडलेले, पायांत थोडं अंतर. एक हात पोटावर. आता चारचौघांत गॅस अडवायचा असल्यासारखं मागून आवळा, आणि तेच आवळणं पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. बटव्याची नाडी ओढल्यावर तोंड कसं गोळा होतं आणि नाडी वर धरली की बटवाही वर उचलला जातो? तसं आवळायचं आणि आत, वर उचलायचं. तीन आकडे धरा, मग सावकाश सोडा. सोडणं अर्धवट नको, पुरतं सैल झाल्याचं जाणवलं पाहिजे. जेवढं धरलं तेवढीच विश्रांती.

आकडे मोठ्याने मोजा. मोठ्याने मोजता येतंय याचा अर्थ श्वास कोंडलेला नाही. पोटावरचा हात वर ढकलला गेला तर तुम्ही कुंथताय. मांड्या किंवा कुल्ले आवळले जात असतील तर भलत्याच स्नायूंना शिक्षा चाललीय. शंका असेल तर आरसा धरून बघा, योनी आणि शौचाच्या मधली जागा आत उचलली गेली पाहिजे, बाहेर फुगता कामा नये. लघवी मध्येच थांबवून स्नायू ओळखायला सांगतात, ते एखाद्या वेळी ओळखण्यापुरतं. रोजचा व्यायाम म्हणून नाही, त्याने पिशवी नीट रिकामी होत नाही.

एका वेळी आठ ते दहा, दिवसातून तीन वेळा. तीनचे हळूहळू दहा आकडे करा. प्रत्येक वेळी शेवटी दहा झटपट, आवळ-सोड, आवळ-सोड. पंधरवड्याने बसून, मग उभ्याने. मी सकाळच्या चहाआधी, दुपारी आडवं झाल्यावर आणि रात्री मालिकेच्या जाहिरातींत करायचे. ठरलेली वेळ नसली की हे राहूनच जातं.

याच्या जोडीला एक युक्ती, जी मला सगळ्यात आधी कामी आली. शिंक येतेय हे आपल्याला क्षणभर आधी कळतं. त्या क्षणात नाडी ओढायची, मग शिंकायचं. बादली उचलण्याआधी ओढायची, खुर्चीतून उठण्याआधी ओढायची. पुढे ते आपोआप होतं.

तीन महिने मोजून द्या, त्याआधी निकाल लावू नका. मला सहाव्या आठवड्यापर्यंत काही म्हणजे काही वाटलं नाही, वही फेकून द्यावीशी वाटत होती. दहाव्या आठवड्यात सर्दी झाली आणि दिवसभर शिंकूनही चड्डी कोरडी, तेव्हा कळलं. स्नायू आवळलाच जात नसेल तर फिजिओकडे हलक्या विजेच्या यंत्राने तो जागा करतात, किंवा पडद्यावर रेघ दाखवून शिकवतात. मला त्याची गरज पडली नाही.

वजनाचं मला पटत नव्हतं. पोटाच्या घेराचा आणि लघवीचा काय संबंध, असं वाटायचं. अमेरिकेत ३३८ जाड बायकांवर सहा महिने केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायामाने ज्यांचं वजन सरासरी ८ टक्के उतरलं, त्यांचं सुटण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलं. नुसती माहिती दिलेल्या गटात ते २८ टक्क्यांनी घटलं. फिजिओबाईंनी हिशेब मांडून दिला, माझ्या ७४ किलोंचे आठ टक्के म्हणजे सहा किलो. सहाच! अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालणं आणि रात्रीचा भात बंद, एवढ्यावर वर्षभरात ६८ झाले.

पाळी गेलेल्या असाल, कोरडेपणा आणि जळजळ असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. घाईच्या त्रासाला त्याने बराच आराम पडू शकतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

जाऊबाई आणि सतराचा पाढा

त्यांच्या पिशवीला शिस्त लावायची होती. सहा आठवडे तरी. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून दर पाऊण तासाने जायचं, घाई असो नसो. मधे घाई झाली तर धावायचं नाही. धावलं की सुटतंच. जिथे आहात तिथे थांबा, जमलं तर बसा, बटव्याची नाडी पाच-सहा वेळा झटपट ओढा आणि मन दुसरीकडे गुंतवा. घाई ही लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते. ओसरल्यावर शांतपणे चालत जा. मन गुंतवायला मी त्यांना सतराचा पाढा दिला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. सतरा सक म्हणताना त्या दर वेळी अडकायच्या आणि आठवेपर्यंत घाई गेलेली असायची. दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत अडीच तासांवर आल्या. चहा दोन कपांवर, संध्याकाळी सहानंतर बंद. "कशाला, बाहेर जायचंय तर एकदा जाऊन येते" हे दर वेळचं आधीच जाणंही सोडायला लागतं, कारण त्यानेच पिशवीला थोड्यावर ओरडायची सवय लागते.

एवढ्याने अर्धं काम झालं, अर्ध्याला गोळी लागली. आधी सोलिफेनासिन दिली, तिने तोंड कोरडं आणि पोट साफ होईना. मग मिराबेग्रॉन दिली, तिच्यावर असताना रक्तदाब मोजत राहावा लागतो. सोलिफेनासिनसारख्या गोळ्या काचबिंदू असेल तर आधी सांगून घ्यायच्या, आणि फार वयस्कर माणसांत त्यांनी विसरभोळेपणा, गोंधळ वाढू शकतो. गोळ्यांनीही भागलं नाही तर घोट्याजवळच्या नसेला आठवड्यातून एकदा, अर्धा तास, असे १२ वेळा हलके झटके देतात. पिशवीत बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात. त्याचा परिणाम काही महिने टिकतो, पण काहींना पुढे नळी घालून लघवी काढावी लागते, हे आधी समजून घ्या.

सासूबाईंची पिशवी चौऱ्याऐंशीच्या वयाला साजेशी, त्यांचा घोटाळा गुडघ्यांचा. पलंगावरून उठून न्हाणीघर गाठेपर्यंत आणि नऊवारीचा कासोटा सुटेपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, रात्री गाऊन, पायाशी मंद दिवा. त्यांची लघवीची गोळी रात्री चालली होती, डॉक्टरांनी ती सकाळी केली. दुपारी पाय उशीवर ठेवून तासभर पडतात, म्हणजे पायात उतरलेलं पाणी रात्री लघवीवाटे बाहेर पडत बसत नाही. एकही नवीन औषध लागलं नाही.

शस्त्रक्रियेचं

माझ्यावर ती वेळ आली नाही, पण बरोबरीच्या एका शिक्षिकेने करून घेतली आणि ती खूश आहे. खोकल्या-शिंकेच्या प्रकारात, व्यायाम मनापासून करूनही भागत नसेल तेव्हा नळीखाली जाळीची बारीक पट्टी आधाराला घालतात. स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत आणली. पुष्कळ जणींना गुण येतो. पण काहींना जाळी आतून टोचते, दुखतं, आणि अशा तक्रारींमुळे ब्रिटनने २०१८ मध्ये तिचा वापर थांबवून कडक अटी घातल्या. म्हणून सर्जनला विचारा: माझा प्रकार नक्की कोणता? जाळी घालणार की माझ्याच शरीरातली पट्टी? जाळी काढायची वेळ आली तर कोण काढतं? लघवी अडली तर काय? जाऊबाईंसारख्या नुसत्या घाईच्या त्रासाला ही पट्टी उपयोगाची नाही. ऑपरेशन नको असेल, अंग खाली येत असेल, तर योनीत बसवायची रबरी कडीही मिळते, ती काढून धुता येते.

तोवर बाहेर जायला लघवीसाठीचे वेगळे पॅड घ्या. पाळीचे पॅड घट्ट रक्तासाठी केलेले असतात, लघवी झपकन येते आणि त्यांच्या कडेने वाहून जाते. ओलं फार वेळ ठेवू नका, जांघा सोलवटतात. धुताना साधं पाणी पुरे, वर खोबरेल तेलाचा हलका हात.

राहिलं डॉक्टरांशी बोलणं. माझं तोंड उघडेना. दोन वेळा गुडघेदुखी सांगून परत आले. तिसऱ्या वेळी मुलं आणतात तशी चिठ्ठी लिहून नेली आणि टेबलावर सरकवली: "मला खोकताना, शिंकताना आणि वजन उचलताना लघवी सुटते. नऊ वर्षं झाली. दोन बाळंतपणं, एक चिमट्याचं. रक्तदाब नाही, साखर नाही. मला तपासून घ्यायचं आहे, पण बोलायला लाज वाटते." डॉक्टरांनी ती वाचली, उठून दार लावून घेतलं आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढली.

जाऊबाईंनी तीच चिठ्ठी उतरवून घेतली. पहिलं वाक्य खोडून तिथे "कुलुपात किल्ली घातली की" असं लिहिलं.